मामाजींचं सोनखत

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट टाकाऊ म्हणून टाकून दिली नाही, आणि त्या नादात त्यांच्याइतकी माणसंही अख्ख्या साकोली तालुक्यात कुणी गमावली नसतील. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही इथे मामाजीच म्हणते. आमच्या एकोडी गावातले लोक त्यांच्या माघारी त्यांना वेगळ्या नावांनी ओळखत, पण त्यातलं एकही नाव कागदावर लिहिण्यासारखं नाही. ती नावं ऐकून अनोळखी माणसाला वाटावं, हा कुणीतरी गबाळा, कळकट म्हातारा असेल. प्रत्यक्षात मामाजी दिवसातून दोनदा अंघोळ करत, नखं कधी वाढू देत नसत, आणि बंडी मळायच्या आतच धुवायला टाकत. देवापुढे दिवा लावण्याआधी ते जितक्या मनापासून हात धुवत, तितक्याच मनापासून मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, आल्यावरही धुवत. आणि सांदवाडीत त्यांच्या दिवसभर खेपा चालत, कारण तिथे त्यांचा संडास होता. माणसं म्हातारपणी देवळात रमतात, नातवंडांत रमतात. मामाजी त्या संडासात रमले होते.

तो संडास चार पायऱ्या चढून जावं लागे अशा उंच ओट्यावर होता. ओट्याखाली दोन कप्पे होते, एक चालू आणि एक मातीनं लिंपून बंद केलेला. बैठक अशी घडवलेली की पुढचं पुढच्या भोकातून पाइपानं बाहेर ठेवलेल्या कॅनमध्ये जावं आणि मागचं सरळ खालच्या कप्प्यात पडावं. पडलेल्यावर राख आणि राईस मिलमधून आणलेला भुसा टाकायचा. धुवायला बाजूला वेगळी जागा होती आणि ते पाणी एका नळीनं केळीच्या बुंध्याशी जाई. चालू कप्पा भरला की तो लिंपून दुसरा उघडायचा, आणि लिंपलेल्याला पुढचं सबंध वर्ष हात लावायचा नाही. वर्षानं तो उघडला की आतून काळी, भुसभुशीत माती निघे. तिला मामाजी सोनखत म्हणत. ओंजळभर हातात घेऊन ते आधी स्वतः हुंगत आणि मग जवळ जो कोणी उभा असेल त्याच्या नाकाशी नेत. "वास येते का? सांग, येते का?" समोरचा श्वास रोखून मान हलवी. मामाजींना ते कळत नसे असं नाही, पण रोखलेल्या श्वासानं दिलेलं उत्तरही ते आपल्या बाजूचं धरत.

ही विद्या त्यांनी पोह्यांमुळे मिळवली. माझ्या लग्नाच्या काही वर्षं आधी बाहेरगावची काही मंडळी ग्रामपंचायतीत असल्या संडासाची माहिती द्यायला आली होती. आलूपोहे आहेत म्हटल्यावर गाव लोटलं, पोहे संपले तसं पांगलं, आणि मामाजी एकटे सतरंजीवर बसून राहिले. त्याच सकाळी ते युरियाच्या रांगेत उभे राहून रिकाम्या हातानं परतले होते. समोरच्या माणसानं सांगितलं की माणसाच्या लघवीतही तेच असतं जे त्या पोत्यात असतं. मामाजींच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. "जे घ्यायले मी रांगेत उभा होतो, तेच घरी येऊन मातीत सांडून राहिलो होतो," असं ते पुढे ज्याला त्याला सांगत. पहिल्याच वर्षी त्यांनी उत्साहाच्या भरात कॅनमधला माल पाणी न घालता धानाच्या पऱ्ह्यांवर, म्हणजे लावणीच्या रोपांवर, ओतला. कोवळी रोपं पिवळी पडली, मग करपली. रोवणी तोंडावर आलेली, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल तयार, आणि लावायला रोप नाही. मामाजी गावभर पऱ्हे मागत फिरले. लोकांनी दिले, पण दारातल्या दारात हसून दिले. दुसऱ्या वर्षीपासून ते भरपूर पाणी घालायला शिकले. गावानं मात्र ते पहिलं वर्षच लक्षात ठेवलं.

मला बघायला ते भंडाऱ्याजवळ शहापूरला आमच्या घरी आले तेव्हा माझ्या वडिलांनी नुकतंच नवीन बाथरूम बांधलं होतं. छतापर्यंत टाइल्स, बसायचा पांढरा कमोड, गरम पाण्याचा नळ. पाहुण्यांना पाणी देण्याआधी बाबांनी त्यांना ते दाखवायला नेलं. मामाजींनी आत डोकावून विचारलं, "छान आहे. अन् हे जाते कुठं?"

"टाकीत जाते," बाबा म्हणाले.

"टाकी भरली मंग?"

"गाडी बोलावतो. गाडी ओढून नेते."

"गाडी कुठं नेते?"

बाबांना ते माहीत नव्हतं. मामाजी चहा अर्धा ठेवून उठले आणि बाहेर गेले. मी पोह्यांची ताटली घेऊन दाराआड उभी, माझी आई देवाचं नाव घेत बसलेली. सगळ्यांना वाटलं, आमचं काहीतरी चुकलं. पण ते शेजाऱ्यांकडे चौकशी करायला गेले होते. थोड्या वेळानं परत येऊन त्यांनी गार झालेला चहा संपवला आणि म्हणाले, "कोणालेच मालूम नाही. पोरगी पसंत आहे. पण तिले सांगून ठेवा, आमच्या घरी जे जाते ते कुठं जाते हे सगळ्यांले मालूम आहे." त्यांच्यासोबत आलेला मुलगा, म्हणजे आता माझे यजमान, सगळा वेळ मान खाली घालून गालिचाची झालर मोजत होता. त्या मान खाली घालण्यावरच मी त्याला होकार दिला असावा.

लग्न होऊन आले तर घरात बाईमाणूस एकच, माझी नणंद वनिता. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या. वनिता तेव्हा कॉलेजात जायची आणि असल्या गोष्टी नव्या वहिनीला समजावून सांगण्याची तिची तयारी नव्हती. सासऱ्यानं सुनेशी त्या विषयावर बोलायचं म्हणजे तर मर्यादा सोडल्यासारखंच. मामाजींनी त्यावर तोड काढली. ते गुरांच्या कोठ्यात जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि बैलाला सांगू लागले, "नवीन माणसानं पुढं सरकून बसावं. पाणी आत टाकू नये. उठल्यावर राख टाकावी, कंजुषी करू नये." बैल रवंथ करत ऐकत होता, मी चुलीशी बसून ऐकत होते. कितीतरी महिने माझं सगळं शिक्षण त्या बैलामार्फत झालं. मी एकदा राख टाकायला विसरले, तर दुसऱ्या दिवशी बैलालाच बोलणी बसली. माहेरच्या गरम पाण्याच्या नळाची आठवण काढून मी पहिल्या महिन्यात पुष्कळ रडले, हेही खरं. पण रडतानासुद्धा मधूनच बैलाचा तो गंभीर चेहरा आठवून हसू येई.

घरातून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा एकमेव नियम. भांडी घासलेलं पाणी पपईला, तांदूळ धुतलेलं पाणी कढीलिंबाला, भाजीची देठं गांडुळाच्या टाक्यात, न्हाव्यानं कापलेले केससुद्धा पुडीत बांधून घरी. लग्नाला, बारशाला गेले की संध्याकाळपर्यंत कळ काढून घरी येत. साकोलीहून येणाऱ्या बसमध्ये ते पाय आवळून, घामाघूम होऊन बसलेले गावानं कितीदा पाहिलं होतं. कुणी म्हटलं, काका, उतरून मोकळे व्हा, तर म्हणत, "अन् माह्या शेताले काय सांगू?" घरी आलेल्या पाहुण्यालाही सुटका नसे. पाहुणा चहा पिऊन उठला की मामाजी फार अदबीनं विचारत, "जाऊन आले का? आता निघालेच आहात तर इथंच मोकळे व्हा, रस्त्यावर कायले." काही पाहुणे हसून जात, काही परत येत नसत. परत न येणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढत गेली. आमच्या हळदीकुंकवाला शेजारणी अंगणातूनच वाण घेऊन जायच्या. वनिताला कॉलेजात मुलं कशी हाक मारत ते तिनं मला एकदाच सांगितलं, आणि परत कधी विचारू नको म्हणाली. माझे यजमान शेतात वडिलांसोबत राबत, कॅन उचलत, खत पसरवत. पण चार लोकांत बसले की आपल्या शेताविषयी बोलणं टाळत. मामाजींना हे सगळं दिसत होतं. त्यांना वाटे, धान डोलू लागलं की लोक आपोआप समजतील. आणि धान खरंच डोले. लोक बांधावर उभे राहून ते बघत, मान डोलावत आणि आपल्या घरी जात.

वनिताचं लग्न तुमसरकडे नाकाडोंगरीला जमलं. मुलगा सालस, घर बरं. वनितानं लग्नाआधी वडिलांकडे एकच मागणी केली, की लग्नाच्या दिवशी त्यांनी त्या विषयावर तोंड उघडू नये. मामाजींनी कबूल केलं, आणि त्यांनी ते मनापासून कबूल केलं होतं याबद्दल मला आजही शंका नाही. पण मांडवात एवढी माणसं येणार, दिवसभर थांबणार, पाणी पिणार, सरबत पिणार, आणि ते सगळं रस्त्याकडेच्या कुंपणावर वाया जाणार, हा विचार त्यांना झेपेना. त्यांनी मांडवामागे तट्ट्यांचा आडोसा करून पुरुषांसाठी मुतारी उभारली आणि पाइप मातीखालून नेऊन कॅनमध्ये सोडले. त्याबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत. म्हणजे शब्द पाळला असंच त्यांना वाटत होतं.

वरपक्षाची पंगत बसली तेव्हा नवरदेवाच्या एका काकांनी सहज विचारलं की मागे ते पाइप कसले टाकलेत. मामाजी तूप वाढत होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, तुपाच्या भांड्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. ते त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी सांगितलं. आणि सांगायला लागल्यावर थांबता येईना, कारण समोरचा माणूस खरोखर ऐकतोय असं त्यांना बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं. पाइपावरून कॅन, कॅनवरून शेत, शेतावरून धान. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या पत्रावळीत भात आहे ना, तो त्याच बांधीतला आहे."

काका उठले. मग त्यांच्या शेजारचा उठला. मग वनिताची सासू बायकांच्या पंगतीतून पदर सावरत उठली, आणि तिच्यामागे सगळी पंगत. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. एवढी माणसं एकदम उठताना पत्रावळी पायाखाली येऊन फक्त करकर वाजत होत्या. लग्न लागून गेलेलं होतं म्हणून मोडलं नाही, एवढंच. पाठवणीच्या वेळी वनिता वडिलांच्या पाया पडली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "आज तरी, बाबा." एवढं बोलून गाडीत बसली.

उरलेला भात मोठ्या गंजांतून तसाच पडून होता. गावातलं कुणी तो घरी न्यायला तयार होईना. मामाजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळा भात एका खड्ड्यात नेऊन टाकला, वर तणस घातली, माती ओढली. त्या खड्ड्याचं खत पुढच्या वर्षी तयार झालं, पण त्यांनी ते शेताला दिलं नाही. मी विचारलं तर, बैल तेव्हा जिवंत नव्हता म्हणून, मलाच सरळ म्हणाले, "राहू दे ते." तो खड्डा अजून तसाच आहे, त्यावर गवत वाढतं.

वनिता पुढे माहेरी आली ती सणावारी, सकाळी येऊन संध्याकाळी जाणारी. घरून डबा आणायची. मामाजी तिच्यासमोर बसत, इकडचं तिकडचं विचारत, आणि ती डबा उघडू लागली की काहीतरी काम आठवल्यासारखं करून बाहेर जात. गावात कुणी आमचा तांदूळ विकत घेत नसे. आमचं धान सरकारी खरेदी केंद्रावर जाई आणि तिथे सगळ्या गावांच्या धानाबरोबर एका ढिगात पडे. तिथून ते मिलमध्ये, मिलमधून रेशनवर. मामाजी म्हणत, "आता खाऊन राहिले असतील माहाच तांदूळ, फक्त मालूम नाही." हे म्हणताना पूर्वी ते हसायचे. लग्नानंतर म्हणायचे, पण हसायचे नाहीत.

मग एका पावसाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की कॅन भरायला वेळ लागतोय. आधी त्यांना वाटलं पाइप तुंबला. तो त्यांनी तारेनं साफ केला. मग त्यांना आमचा संशय आला. माझ्या यजमानांना त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "तू बाहेर जाऊन राहिला का?" माझ्याकडेही दोन दिवस संशयाच्या नजरेनं पाहत होते. आम्ही दोघांनीही तसं काही नाही म्हणून सांगितलं. आम्हाला हसू येत होतं. घरातला माल कोण चोरतो याचा त्यांनी रीतसर तपास लावला होता. तो तपास लागला तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते, आणि चोर ते स्वतःच होते. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत.

ज्या माणसानं आयुष्यात एक थेंब वाया जाऊ दिला नाही, त्याला थेंबही होईनासा झाला. ही गोष्ट गावात सांगितली गेली तेव्हा काही लोक हसले, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी माझे यजमान त्यांना भंडाऱ्याला डायलिसिसला घेऊन जायचे. पहिल्याच दिवशी मामाजींनी तिथल्या मुलाला विचारलं, "माह्या आंगातलं हे काढून कुठं टाकता?"

"नालीत, बाबा," तो म्हणाला.

मामाजींनी डोळे मिटून घेतले आणि यंत्र बंद होईपर्यंत उघडले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी आणखी एक फर्मान काढलं, स्वतःविरुद्धच. एवढी औषधं पोटात जाणाऱ्या माणसाचं काही शेताला द्यायचं नाही. संडासाच्या पायऱ्या त्यांनी स्वतःला बंद केल्या. त्यांच्यासाठी वेगळं भांडं आलं आणि ते रिकामं करायला घरामागे दूर, विहिरीच्या उताराखाली, खड्डा खणला. खड्डा खणून देताना माझे यजमान रडले. मामाजी ओट्यावर बसून त्यांना खोली किती हवी ते सांगत होते. "आता मी कामाचा नाही," ते मला म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती. बैल म्हातारा झाला की जसं म्हणतात तसं ते म्हणाले.

वनिता आली ती तेव्हा. पहिल्यांदाच राहायला आली. दुपारी मामाजी अंगणात खाटेवर पडलेले, ती खाली बसलेली, मी पलीकडे सूप घेऊन तांदूळ निवडत होते. मग मामाजींनी विचारलं, "तुमच्या घरची टाकी कशी आहे?" माझा हात थांबला. इतक्या वर्षांनी लेक जवळ येऊन बसली आणि यांनी हे विचारावं.

वनिता म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात भरली होती."

"गाडी आली?"

"गाडी बोळीत घुसत नव्हती. मंग यायनं एक माणूस आणला, त्याच्यासंगं अजून एक होता. त्यायनं झाकण काढलं. मी दोघायले चहा देल्ला. पहिला दोर बांधून उतरला, अन् मंग त्याचा आवाजच नाही आला. दुसरा त्याले काढाले उतरत होता, त्याले मी अन् सासूबाईनं मिळून धरून ठेवलं. तो लय ओरडत होता, सोडा म्हणून. आम्ही नाही सोडलं. पहिला मेला, बाबा. आमच्या आंगणात. पोलीस आले, लोक आले, सगळं झालं. कोणाले सांगितलं नाही मी इकडं."

मामाजी उठून बसले. उठून बसायलाही त्यांना आताशा आधार लागे, पण तेव्हा आपले आपण बसले. "नाव काय होतं त्याचं?"

"मले नाही मालूम. चहा देल्ला, नाव नाही विचारलं मी."

मामाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्या खताची, राखेची गोष्ट ते आता काढतील म्हणून मी वाट बघत होते, आणि मनातल्या मनात काढू नका म्हणत होते. त्यांनी ती काढली नाही. वनितानंच काढली. "तुम्ही आमच्या घरी एक बांधून द्या," ती म्हणाली.

"तुह्यी सासू आयकन?"

"तिनंच म्हटलं. त्या दिवसापासून ती त्या बाथरूमात जात नाही. झाकणाकडं पाहतसुद्धा नाही."

दोन डायलिसिसच्या मधला एक दिवस धरून आम्ही त्यांना नाकाडोंगरीला नेलं. गाडीत ते मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून बसले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचं हाडन् हाड मला लागत होतं. वनिताच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली त्यांना खुर्ची दिली. गवंडी तरुण होता, त्याला हे काम म्हणजे गंमत वाटत होती. पाइपाचा उतार त्यानं अंदाजानं धरला. मामाजींनी खुर्चीवरून तो मोडायला लावला, त्यानं पुन्हा धरला, पुन्हा मोडायला लावला. तिसऱ्या वेळी गवंडी हसायचा थांबला. वनिताची सासू दारात उभी राहून सगळं बघत होती. पंगतीतून उठली तेव्हा मी तिला दुरून पाहिलं होतं, आता जवळून पाहिलं. ती खूप वाळली होती. तिनं मामाजींना पाण्याचा पेला आणून दिला. मामाजींचं दिवसाचं पाणीही आता डॉक्टरांनी मोजून दिलेलं, त्यांनी नुसते ओठ ओले केले आणि पेला हातातच धरून ठेवला, परत दिला तर तिला वाईट वाटेल म्हणून.

"वास येत असंल?" तिनं विचारलं.

"राख टाकाचा कंटाळा केला का येते," मामाजी म्हणाले. "नाही केला त नाही येत." आणि मग, "खाली कोणाले उतरा नाही लागत, बाई. बाजूनं दार उघडते. उभ्या उभ्या फावड्यानं निघते."

तिनं मान हलवली आणि पदर तोंडाशी धरून आत गेली.

परतताना अंधारून आलं होतं. माझ्या यजमानांना वाटलं वडील झोपले. पण मामाजी डोळे मिटूनच म्हणाले, "मी लोकायले धानाचंच सांगत राहिलो. धान चांगलं होते, युरिया वाचते. खाली उतरा नाही लागत, हे पहिले सांगाले पाहिजे होतं." माझे यजमान गाडी चालवत राहिले.

ते थंडीत गेले. डायलिसिसच्या सकाळी, यंत्राला लावायच्या आधीच. अंत्ययात्रेला माणसं आली, अपेक्षेपेक्षा बरीच आली, कारण मेल्या माणसाशी गाव सहसा भांडत नाही. तेरवीचा प्रश्न मात्र होता. माझ्या यजमानांनी साकोलीहून तांदूळ विकत आणला, लोकांनी जेवावं म्हणून. घरात आमची धानाची पोती उभी होती आणि चुलाणावर दुकानातला भात शिजत होता. लोक जेवले. काहींनी मुद्दाम विचारून खात्री करून घेतली आणि मग जेवले. सगळ्या पंगती उठल्यावर वनिता स्वयंपाकघरात आली, आमच्या पोत्यातला थोडा तांदूळ काढून तिनं वेगळा भात टाकला, आणि आम्ही दोघींनी तो आमटीशी खाल्ला. तिनं पहिला घास बराच वेळ चावला.

एकोडीत त्यानंतर कुणी तसला संडास बांधला नाही. आमचा चालू आहे. माझे यजमान आता कॅन उचलून भर रस्त्यानं शेतात जातात, कुणी बघत असलं तरी वाट बदलत नाहीत, एवढा फरक पडला. टाक्या उपसायच्या गाड्या पूर्वीसारख्याच येतात-जातात. मामाजींचा फोटो आम्ही माजघरात लावलाय. त्यात ते कुणाच्या तरी लग्नातल्या फेट्यात, अवघडल्यासारखे उभे आहेत. त्यांचा दुसरा चांगला फोटो कुणी काढलाच नव्हता.

मागच्या जेठ महिन्यात, रोवणीच्या आधी, एका दुपारी वनिताचा फोन आला. त्यांचा पहिला कप्पा वर्ष पूर्ण होऊन गेल्यावर तिनं त्या दिवशी उघडला होता. "वहिनी, नुसती माती आहे," ती म्हणाली. मागून तिच्या सासूचा आवाज ऐकू आला, एका बांधीले किती टाकाचं ते विचार म्हणून. वनितानं मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला ठाऊक नाही. आमच्याकडे मामाजी बांधावर उभे राहून हातानं पसरवत, एखाद्या जागी जास्त, एखाद्या जागी कमी, आणि ते कसं ठरवतात हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मग मी म्हटलं, "यंदा थोडंच टाक. पुढच्या वर्षी पाहू." ती बरं म्हणाली, आणि तिनं तेच सासूला सांगितलेलं मला ऐकू आलं, अगदी खात्रीनं सांगावं तसं.